मालकाला सोडून

नाकेबाईंनी तिसऱ्यांदा तोच आदेश लिहिला, तिसऱ्यांदा कळ दाबली आणि यंत्राने तिसऱ्यांदा तेच उत्तर दिलं: परवानगी नाही.

"कमाल झाली," त्या पडद्याला म्हणाल्या. "फाइल माझी, आणि मलाच दारात उभी करतोस?"

समोरच्या टेबलावरच्या धाकटीने मान वर केली आणि लगेच खाली घातली. एरवी ती काहीतरी बोलली असती. नाकेबाई यंत्राशी भांडायला लागल्या की तिला हसू आवरत नसे. आज ती नुसती बसून राहिली. मागच्या खोलीतल्या संगणकांच्या पंख्यांची घरघर तेवढी ऐकू येत होती.

ऑफिसात एकूण नऊ माणसं. दवाखान्यात खाटेशेजारी उभी राहून थेंबाथेंबाने औषध सोडणारी यंत्रं असतात. त्यांच्या आत चालणाऱ्या प्रणालीचा गाभा इथे लिहिला जाई. गाभ्याला सगळे कर्नल म्हणत. औषध किती सोडायचं हे फाइलींत लिहिलेलं, आणि कोणत्या फाइलीला कोणी हात लावायचा हे कर्नल ठरवणार. परिचारिकेने वाचावं, डॉक्टरांनी बदलावं, आणि पुसणाऱ्या माणसाचा फडक्यासकट हात कळांवर पडला तरी काहीही होऊ नये. ही परवानगी तपासणारा भाग म्हणजे नाकेबाईंचं राज्य. बावीस वर्षांत त्यांच्या मंजुरीशिवाय त्यातली एक ओळ पुढे सरकलेली नव्हती. म्हणून तर नाकेबाई, नाक्यावर बसलेली बाई. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथेच राहिलं.

शुक्रवारी दवाखान्यांना नवी आवृत्ती जायची होती. आज बुधवार. बाईंनी अजून मंजुरी दिली नव्हती, आणि गंमत म्हणजे कोणी मागायलाही आलं नव्हतं. पूर्वी आवृत्तीच्या आठवड्यात लोक त्यांच्या टेबलाभोवती घिरट्या घालत, गोड बोलत, लाडीगोडी लावत. हल्ली त्यांच्याकडे येणारं काम सोपं झालं होतं. त्या खोलीत शिरल्या की बोलणं अर्ध्यावर थांबे आणि कोणीतरी हवापाण्यावर येई. आपल्याला हळूच बाजूला काढताहेत, ही शंका त्यांना कधीपासून कुरतडत होती. बाजूला काढलं तर काढलं, पण तोंडावर सांगून काढा की. बावीस वर्षांच्या मंजुरीला एवढा मान तर द्या.

आणि आज सकाळी, दुसरंच काहीतरी शोधत असताना, ही फाइल सापडली. नाव: सगळ्यांसाठी. मालक: एकशे चार.

कर्नल माणसांना नावाने ओळखत नाही. त्याला आकडे कळतात. एकशे चार म्हणजे नाकेबाई.

त्यांनी परवानग्यांच्या तीन ओळी काढून पाहिल्या. मालक: काही नाही. गट: वाचा, लिहा. इतर: काही नाही. गट म्हणजे ऑफिसातली नऊच्या नऊ माणसं, बाईंसकट. थोडक्यात, ज्यांच्या नावाची फाइल त्यांना सोडून बाकी आठ जण ती वाचू शकत होते, त्यात लिहूही शकत होते. आणि वाचत होतेच. आज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी साहेबांनी वाचली होती. सव्वानऊला धाकटीने वाचली होती, वर दोन ओळी लिहिल्याही होत्या.

बाईंच्या कानशिलात गरम झालं. पण राग आला तरी डोकं चालायचं थांबत नाही, हे त्यांचं वैशिष्ट्य होतं. मी मालक आहे, ठीक, मालकाला परवानगी नाही. पण मी गटातही आहे. गटाला आहे. मग मालक म्हणून नाही तर गटातली म्हणून तरी आत सोडायला हवं. सोडत नाही, म्हणजे तपासणीच चुकते आहे. शुक्रवारी जायची ती आवृत्ती चुकीची आहे आणि या शहाण्यांपैकी एकालाही पत्ता नाही.

त्यांनी दोषांच्या यादीत नोंद केली. मालकाला गटातल्या माणसापेक्षा कमी अधिकार मिळतो. गंभीर. आवृत्ती थांबवावी. नोंद सगळ्यांच्या पडद्यावर उमटली असणार, कारण धाकटीची बोटं थांबली. तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला. ती उठली आणि साहेबांच्या खोलीत गेली.

"जा, जा. सांग त्याला," बाई पुटपुटल्या. त्यांना बरं वाटलं. पुष्कळ दिवसांनी आपण कोणालातरी कामाला लावलं होतं.

त्या कप विसळून परत आल्या, तोवर नोंद बंद झालेली होती. खाली धाकटीच्या नावाने एक ओळ: पाहिलं, योग्य आहे.

साहेब म्हणजे त्यांच्याच हाताखाली शिकलेला माणूस. सगळ्यांसमोर त्या त्याला साहेब म्हणत, एकटा असला की अरे. दार न वाजवता त्या आत शिरल्या. आत तो आणि धाकटी उभे होते, दोघंही खिडकीबाहेर बघत. खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची भिंत होती.

"गंभीर दोष आहे आणि ही पोरगी पाच मिनिटांत बंद करते," बाई म्हणाल्या. "कोणाच्या परवानगीने?"

"बाई, बसा ना. पाणी देऊ?"

"पाणी नको, उत्तर दे. सगळ्यांसाठी नावाची फाइल काय आहे?"

साहेबाने टेबलावरचा पेला उचलून पुन्हा तिथेच ठेवला.

"माझ्या नावावर आहे आणि मला उघडत नाही. तुम्ही मात्र रोज सकाळी पोथीसारखी वाचता. आणि हे बघ." त्यांनी हातातला कागद त्याच्या टेबलावर आपटला. कोणी कधी कोणतं दार ठोठावलं, याची कर्नल नोंद ठेवतो. त्यांनी ती छापून आणली होती. "ही फाइल उघडायचा प्रयत्न काल अकरा वाजून चाळीस मिनिटांनी झाला. परवाही झाला. गेल्या आठवड्यात तीनदा. प्रत्येक वेळी आकडा एकशे चार. मी ही फाइल आज पहिल्यांदा पाहिली, समजलं? कोणीतरी माझा आकडा वापरतंय. माझ्या नावाने या ऑफिसात दुसरंच कोणीतरी वावरतंय, आणि तुम्ही दोघं भिंत बघत बसलाय!"

इतका वेळ त्यांना रागाच्या भरात ते वाक्य नीट ऐकू आलं नव्हतं. आता मोठ्याने म्हटल्यावर आलं.

"मी बघतो," साहेब म्हणाला.

"बघू नकोस. एवढंच सांग, शुक्रवारची मंजुरी माझी आहे की नाही?"

"तुमचीच आहे, बाई. म्हणजे काय! तुमचीच."

तो फार लवकर बोलला. आणि खोटं बोलला की याचे कान लाल होतात, हे त्यांना तो नवा होता तेव्हापासून माहीत होतं.

त्या परत येऊन खुर्चीत बसल्या. बसल्या बसल्या त्यांना घर आठवलं, का कोण जाणे. नवरा निवृत्त झाल्यापासून त्याचे रिकामपणाचे उद्योग वाढले होते. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर त्याने चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. साखर. मीठ. गॅस बंद केला का? "अहो, मी काय तुमच्या वर्गातली पोर आहे?" असं त्या म्हणाल्या होत्या, आणि तो कधी नव्हे ते हसला नव्हता. हल्ली रोज पाचला तो ऑफिसच्या फाटकाशी त्यांना न्यायला येऊन उभा राहायचा. गुडघ्यांना चालणं हवं म्हणे. साहेब कधीमधी खाली जाऊन त्याच्याशी बोलत असे. काय बोलत असतील दोघं, हा प्रश्न त्यांना आजवर पडला नव्हता.

धाकटी आली आणि खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली. धाकटी नावालाच. अकरा वर्षांपूर्वी ती सगळ्यांत शेवटी आली म्हणून धाकटी. आता तिचीच मुलगी शाळेत जात होती.

"बाई, रागावू नका. तो दोष नाही."

"शहाणपणा शिकवू नकोस मला."

"मी नाही शिकवत. तुम्हीच मला शिकवलंय." धाकटीचा आवाज खाली गेला. "आधी मालक. मालक सापडला की तिथेच निकाल. तो गटात असो नाहीतर आणखी कुठे असो, पुढच्या ओळी बघायच्याच नाहीत. माझा इथला पहिला दिवस होता. मी म्हटलं, हे काहीतरीच आहे, मालकाला नाही आणि बाकीच्यांना आहे, असं कोण करेल?"

"मग मी काय म्हणाले?"

"तुम्ही म्हणालात, मालकालाच आपल्या हाताने दार लावून घ्यायचं असेल तर? तेवढा हक्क नको का त्याला?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. पोरगी खोटं बोलत नव्हती. त्यांनी तोंड फिरवलं आणि कर्नलमधला तो भाग उघडला, बावीस वर्षांचं आपलं राज्य. डोळे मिटून सांगता आला असता असा तो भाग. खाली खाली सरकत त्या त्या ओळींपाशी आल्या. कर्नल प्रश्न विचारतो: हा मालक आहे का? असेल तर मालकाची ओळ बघ आणि निकाल दे. नसेल तरच पुढे. सरळ होतं, लहान मुलालाही कळेल असं. वर एक टीप लिहिलेली होती: इथे हात लावू नये. क्रम मुद्दाम असा आहे. कोणाला हा दोष वाटला तर आधी माझ्याकडे यावं. खाली त्यांची आद्याक्षरं होती आणि वीस वर्षांपूर्वीची तारीख.

टीप त्यांचीच होती. तो तोरा, ते "माझ्याकडे यावं", सगळं त्यांचं. पण ती लिहिल्याचं त्यांना आठवत नव्हतं. आणि नियमही आठवत नव्हता. वाचल्यावर पटला, ओळखीचा वाटला, पण आठवला नाही. सकाळी ही नोंद करताना हा नियम त्यांच्या डोक्यात कुठेच नव्हता.

"मी हे आज विसरले," त्या म्हणाल्या.

धाकटीने खुर्ची आणखी जवळ ओढली.

"आजच विसरले का?"

"बाई..."

"ही नोंद मी आधी केली आहे?"

"आजची चौथी," धाकटी म्हणाली. "आम्ही बंद करून टाकतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारत नाही."

खोलीत बाकीचे सहा जण आपापल्या पडद्यांकडे बघत होते. एकाचीही कळ वाजत नव्हती. बाईंना एकदम वाटलं की हे सगळे आपल्याकडे अशा नजरेने बघतात, जशी आपण गेलेल्या माणसाच्या खुर्चीकडे बघतो. खुर्ची हलवत नाहीत. तिच्यावर पिशवी ठेवत नाहीत.

त्यांनी त्या फाइलीचा इतिहास काढला. मघाशी तो मागायचं सुचलं नव्हतं, कारण मघाशी चोर बाहेरचा होता. नऊ आठवड्यांपूर्वीचा सोमवार. दुपारी पावणेबारा. फाइल तयार केली, एकशे चार. मालकाची परवानगी काढली, एकशे चार. त्यांनी तो सोमवार चाचपून पाहिला, पडलेल्या दाताची जागा जिभेने चाचपावी तसा. तिथे काही नव्हतं. दुखतही नव्हतं.

त्याखाली आणखी होतं. फाइल उघडो न उघडो, परवानग्या बदलायचा हक्क मालकाकडेच राहतो. मालकाला परवानगी दिली, एकशे चार. बारा मिनिटांनी काढली, एकशे चार. पुढच्या पंधरवड्यात पुन्हा: दिली, नऊ मिनिटांनी काढली. मग पुन्हा. मग पुन्हा.

"हे याच टेबलावरून झालंय," बाई म्हणाल्या.

"हो."

"कोण बसलं होतं इथे?"

"तुम्हीच होतात, बाई. मी समोर होते."

"मी फाइल उघडली. वाचली. आणि परत स्वतःलाच बंद केली."

"चारही वेळा."

"वाचून झाल्यावर काय केलं मी?"

धाकटी म्हणाली, "पहिल्या वेळी रडलात. माझा हात धरून बसलात. नंतरच्या वेळी रडला नाहीत."

"मग?"

"बंद केलीत आणि चहा मागितलात."

बाईंना हसू आलं. हसायचं काही नव्हतं, पण आलं खरं, आणि हसता हसता डोळे भरून आले. चहा! म्हणजे ती बाई आपणच होतो, यात शंका नाही. दुसरं कोणी आपलं सोंग घेत असतं तर एवढं बिनचूक जमलं नसतं.

"त्यात काय आहे ते तू सांगणार नाहीस."

"तुम्ही वचन घेतलंय. सगळ्यांकडून." धाकटी रडू लागली. "वाईट वाटतं हो, बाई. रोज वाटतं. तुम्ही आमच्यावर संशय घेता, भांडता, आणि आम्ही गप्प बसतो. साहेब परवा म्हणाले, आपण पाप करतोय. पण तुमचा शब्द मोडवत नाही कोणाच्यानं."

"अगं, वेडी का तू? रडतेस काय?" बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. आता त्यांना फाइलीत काय असेल याचा अंदाज आला होता. अंदाज काय, कळलंच होतं. एका अर्थाने ती फाइल उघडायची गरज उरली नव्हती. बंदच राहू दिली, चहा मागितला, तर संध्याकाळी पाचला फाटकाशी नवरा उभा असेल, आणि उद्या सकाळी हा कागद, ही नोंद, धाकटीचे हे लाल डोळे, काहीच आठवणार नाही. उद्या पुन्हा शुक्रवारची मंजुरी आपलीच असेल.

त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"मालकाला परवानगी देताय ना?" धाकटीने डोळे पुसत विचारलं. "मी बाजूला जाऊ का?"

"बस इथेच. ती चूक चारदा झाली. मालकाने उघडलं की मालक बंद करतो." बाईंची बोटं कळांवर होती. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचा आवाज कामाचा झाला. "मालकी देता येते ना आपल्याकडे?"

"येते. परत मागून घेता येत नाही, तेवढं..." धाकटी थबकली. "बाई, काय करताय?"

"तुझा आकडा सांग."

"नको. ऐका माझं. मालकी गेली की परवानग्या तुम्हाला बदलता येणार नाहीत. वाचवलं नाही गेलं, तरी बंद करता येणार नाही. रोज समोर दिसेल."

"म्हणून तर म्हणते. आकडा सांग."

धाकटीने सांगितला नाही. बाईंनी आकड्यांच्या यादीतून स्वतःच शोधून काढला: एकशे एकतीस. आदेश लिहिला, एकदा वाचून पाहिला, आणि कळ दाबली. यंत्राने काही कुरकुर केली नाही. सगळ्यांसाठी. मालक: एकशे एकतीस.

"आता तू उघडून बघ," बाई म्हणाल्या.

"मी?"

"बघ तर खरं. तपासल्याशिवाय काही सोडायचं नाही."

धाकटी आपल्या टेबलाशी गेली. उभ्या उभ्याच तिने आदेश लिहिला. पडद्यावरचं उत्तर बाईंना इथून दिसत नव्हतं, पण तिचा चेहरा दिसत होता.

"परवानगी नाही," धाकटी म्हणाली.

"आता मालक तू. मालकाच्या ओळीत काही नाही. निकाल तिथेच." बाईंनी मान डोलावली. "क्रम बरोबर चालतोय. मघाची माझी नोंद चुकीची होती, असं लिहून ठेव त्यात. माझ्या नावाने लिही."

मग त्यांनी आपल्या पडद्यावर फाइल उघडायला सांगितली. कर्नलने विचारलं असेल: ही मालक आहे का? नाही. गटातली आहे का? आहे. फाइल उघडली.

अक्षरांनी पडदा भरून गेला. फाइल लांब होती, नऊ आठवड्यांची. बाईंनी चष्मा पुसला.

"मला उघडत नाही आता ती फाइल," धाकटी शेजारी येऊन म्हणाली. "सकाळपर्यंत पाठ होती."

"ऐक मग."

त्यांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. खोलीतल्या बाकीच्यांनी खुर्च्या वळवल्या. साहेब दारात येऊन उभा राहिला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं.

"मंडळी, ही फाइल मला दिसू नये म्हणून मालकाला बंद केली आहे. मालक मीच आहे, तेव्हा कोणी डोकं खाजवू नका. डॉक्टरांनी परवा दुखण्याचं नाव सांगितलं. नाव मोठं आहे, अर्थ लहान आहे. मी विसरत जाणार. आज हे लिहिते आहे, हेही विसरणार. मला सांगू नका. कळलं तर मी रोज भीत भीत काम करीन. कळलं नाही तर निदान भांडत तरी करीन."

मागून कोणीतरी नाक ओढलं. बाईंनी तिकडे पाहिलं नाही.

"भाषा माझीच आहे," त्या म्हणाल्या, आणि पुढे वाचू लागल्या. "आता कामाचं. खाटेवर पडलेल्या माणसाला माझ्या आठवणीच्या भरवशावर ठेवायचं नाही. म्हणून मंजुरी देणाऱ्यांच्या यादीतून माझा आकडा मी आज काढला आहे. माझ्या पडद्यावर मंजूर असं उमटत राहील, ते कुठे जात नाही. खरी मंजुरी आजपासून..."

आवाज थांबला. पंख्यांची घरघर चालू राहिली. बाईंनी ती ओळ पुन्हा एकदा मनात वाचली. बोट पडद्यावर ठेवून वाचली.

"नऊ आठवडे," त्या म्हणाल्या.

"हो," धाकटी म्हणाली.

"मी त्या दिवसापासून जे जे मंजूर केलं..."

"ते सगळं मी बघितलं, बाई. तुमच्यानंतर. एकदा नाही, दोनदा."

"किती ठिकाणी चुकले होते?"

"खाली लिहिलंय सगळं. सुरुवातीला एकही नाही."

बाईंनी ते कबूल केल्यासारखी मान हलवली. दारात साहेब उभाच होता. त्याचे कान या वेळी लाल नव्हते. त्याच्या डोळ्यांकडे बघवत नव्हतं.

"शुक्रवारचं तू तपासलंस?" बाईंनी विचारलं.

"तपासलं."

"सगळे प्रकार? मालक असून गटात असलेला, गटात नसलेला, दोन्हीत नसलेला?"

"सगळे."

"कोणाचंही ऐकून नाही ना, स्वतः बघितलंस?"

"स्वतः बघितलं, बाई."

नाकेबाईंनी कळांवरचे हात उचलले आणि मांडीवर ठेवले. कोणी हललं नाही, कोणी घाई केली नाही.

"मग जाऊ दे," त्या म्हणाल्या, आणि पुढची ओळ वाचू लागल्या.